गोलघुमटात ओरडून झालं, आता जरा वर बघू

सोलापुरात ज्याची शाळा झाली त्याची विजापूरची सहल झालीच. डिसेंबरातली थंडी, एसटीची लाल गाडी, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. गोलघुमटाच्या वरच्या सज्जात शंभर पोरं एकाच वेळी आपापलं नाव घेऊन ओरडायची, गुरुजी शिट्टी फुंकायचे, आणि त्या गदारोळात आपला प्रतिध्वनी कुठला हे कुणालाच कळायचं नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, काय बघितलंस? तर उत्तर ठरलेलं: लई मोठा घुमट आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, की आपल्या शेजारच्या विजापूरचं काय? तर दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या वास्तू २०१४ पासून संभाव्य यादीत आहेत. त्यात गुलबर्गा, बिदर आणि गोवळकोंड्याबरोबर विजापूरही आहे. संभाव्य यादी म्हणजे देशाने हात वर करून नोंदवलेलं नाव. निवड पुढची गोष्ट. पण यादीत जाण्यासारखं तिथे आहे तरी काय, हे आपल्यातल्या बहुतेकांना सांगता येत नाही, आणि अंतर आहे फक्त शंभर किलोमीटर. आपल्या गावात विजापूर वेस आहे, विजापूर रोड आहे. २०१४ मध्ये त्या शहराचं सरकारी नाव विजयपुर झालं, पण आपल्या वेशीची पाटी कुणी बदलली नाही.

मी वीस वर्षं बांधकामावर सुपरवायझरी केली. हिवाळ्यात दोनतीनदा दहाबारा जणांना घेऊन विजापूर पायी हिंडवतो. इतिहासाचा मी पंडित नाही. स्लॅब पडतो कसा आणि टिकतो कसा, एवढं मला कळतं. त्या एवढ्याशा भांडवलावर विजापूर बरंच उलगडतं.

चालायचं कुठून कुठे

सरळ हिशोब केला तर पश्चिमेच्या इब्राहिम रोजापासून निघून पूर्वेच्या गोलघुमटावर संपवावं. मी उलटं करतो. गोलघुमट उघडतो त्या वेळी दारात हजर राहायचं, कारण तिथे कान लागतो आणि दहा वाजले की सहली येतात. तिथून जामा मशीद, मग गावाच्या मध्यात बारा कमान, नंतर पश्चिमेची तटबंदी, आणि तटाबाहेर इब्राहिम रोजा. सगळं मिळून पाच-सहा किलोमीटर. गुडघे कुरकुरत असतील तर मधला टप्पा टांग्याने करा, त्यात कमीपणा नाही. सोलापूरहून पहाटे निघालं की टाकळीला भीमा ओलांडताना उजाडायला लागतं.

गोल वस्तू चौकोनावर बसते कशी?

गोलघुमट ही मुहम्मद आदिलशाहाची कबर. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६. आतलं दालन चौरस आहे, एक बाजू सुमारे १३५ फूट, क्षेत्रफळ अठरा हजार चौरस फुटांहून जरा जास्त. सहाशे फुटांचे तीस फ्लॅट त्यात शेजारीशेजारी मांडता येतील, आणि मध्ये एकही खांब नाही. आज मंगल कार्यालय बांधायला निघालात तर एवढ्या जागेत मी तुम्हाला खांबांची रांगच्या रांग दाखवीन, वर लोखंडाचं बिल दाखवीन ते वेगळं.

अडचण नीट समजून घ्या. खालचं दालन चौकोनी, वरचा घुमट गोल. चौरंगावर परात उपडी ठेवली तर काय होतं? परात चौरंगाच्या बाजूंवर टेकते, पण चारही कोपरे मोकळे राहतात. परात मोठी घेतली तर ती बाजूंच्या बाहेर अधांतरी लोंबते. लहान चौरंगाचे कोपरे एखादी फळी टाकून भरता येतात. १३५ फुटांवर ती फळी कुठून आणणार?

विजापूरच्या गवंड्यांचं उत्तर घरातल्या दोन पाटांनी कळतं. एक पाट सरळ ठेवा, त्यावर दुसरा तिरका. आठ टोकांची चांदणी तयार होते, रांगोळीत काढतो तीच. मधोमध जी जागा दोन्ही पाटांना सामाईक आहे ती अष्टकोनी, म्हणजे जवळजवळ गोल. गोलघुमटात पाटांच्या कडांच्या जागी कमानी आहेत. एका चौकोनाच्या चार, तिरक्या चौकोनाच्या चार. त्या आठ कमानी वर जाताना एकमेकींना छेदतात आणि छेदताना आत झुकतात. दालन खाली १३५ फूट रुंद, पण कमानी जिथे संपतात तिथलं तोंड शंभर फुटांच्या आत येतं. चौकोन हळूहळू वर्तुळ होतो, कुठे सांधा ठळक दिसत नाही.

कमानींच्या मधल्या या आत झुकलेल्या, तिकोनी, वळणदार भिंतींना अभियंत्यांचा इंग्रजी शब्द आहे. मी त्यांना खांदे म्हणतो, कारण घुमट त्यांच्या खांद्यावर आहे. खाली उभं राहून मान मोडेपर्यंत वर बघा आणि खांदे मोजा. ते दिसले की पुढचं सोपं आहे.

मग तो पसरत का नाही?

ही शंका बांधकामातल्या माणसाला येते, आणि तीच खरी शंका आहे. भाकरीच्या पिठाचा गोळा परातीत ठेवून वरून दाबला की तो खाली बसतो आणि बाजूंना पसरतो. घुमटाचंही तसंच. स्वतःच्या वजनाने त्याचा पाया बाहेर ढकलला जातो. या बाहेरच्या ढकलण्याला मी रेटा म्हणतो. कमान असो, घुमट असो, जुनं बांधकाम पडतं ते बहुधा रेट्याने. दगड दाबाला घाबरत नाही, ताणाला घाबरतो.

रेटा अडवायचा नेहमीचा उपाय म्हणजे भिंत जाड करा. इथेही ती केली आहे, सुमारे दहा फूट, काळ्या बेसाल्टची. पण खरी गंमत खांद्यांमध्ये आहे. पाणी भरणारी बाई कडेवर भरली घागर घेते तेव्हा आपोआप दुसऱ्या बाजूला कलते. घागर एकीकडे ओढते, अंग दुसरीकडे, आणि बाई सरळ चालते. घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट, आणि खालचं तोंड त्याहून बरंच लहान. म्हणजे घुमट काठावर बसलेला नाही, काठापासून मागे सरकून बसलाय. काठापुढे आत झुकलेल्या खांद्यांचं प्रचंड वजन आहे. घुमट बाहेर रेटतो, खांदे आत ओढतात. बेरीज जवळपास सरळ खाली भिंतीत उतरते.

घुमटाचा काठ आणि तोंड यांच्यात जी पट्टी उरली, तीच आपली शाळेतली जागा, अकराएक फूट रुंदीचा सज्जा. डोक्यावर घागर बसवायला चुंबळ लागते ना, तशी ही दगडाची चुंबळ. आपण तिच्यावर उभं राहून ओरडलो.

घुमट स्वतः विटांचा आहे, चुन्यात बांधलेला, तळाशी सुमारे दहा फूट जाड. चुना सावकाश घट्ट होतो. इमारत जराशी बसली तर तोही जरासा सरकतो आणि सांधे तडकण्याऐवजी जुळवून घेतो. वीट आणि चुना इतके एकजीव झालेत की ती एकच जाड टोपी समजावी. बाहेरून बघाल तर टोपीच्या तळाशी कमळाच्या पाकळ्यांची रांग आहे. टोपी भिंतीवर जिथे टेकते तो सांधा त्या पाकळ्या झाकतात. दागिन्याने काजाची शिवण झाकावी तसं.

कुजबुज पलीकडे जाते कशी, आणि आवाज घुमतो कसा?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाइड लोक त्या एकत्र सांगतात म्हणून गोंधळ होतो.

आधी घुमणं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. घुमट आतून ३८ मीटर रुंद. टाळी समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला ७६ मीटरचा प्रवास, म्हणजे एक पंचमांश सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ. दोन आवाज वेगळे ऐकायला कानाला एक दशांश सेकंद पुरतो. म्हणून प्रतिध्वनी सुटा ऐकू येतो. तो इथेच थांबत नाही. समोरासमोरच्या वाकलेल्या भिंती त्याला चेंडूसारखा इकडून तिकडे टोलवत राहतात. गाइड छातीठोकपणे सात सांगतो, दुसरा दहा सांगतो. शांत सकाळी एकच टाळी वाजवा आणि स्वतः मोजा. आमच्यात आजवर एकमत झालेलं नाही.

आता कुजबुज. गड्डा यात्रेत होम मैदानावर मौत का कुवा बघितलाय? मोटरसायकल भिंतीला चिकटून फिरते, मध्ये येत नाही. भिंतीला तोंड लावून हळू बोललेला आवाज तसाच वळणाच्या आतून भिंतीला धरून सरकतो. खुल्या हवेत आवाज चहूकडे पांगून क्षीण होतो. इथे तो एका पट्टीत कोंडला जातो, म्हणून कमी पांगतो. सुमारे साठ मीटरचा अर्धा फेरा मारूनही तो पलीकडच्या कानाला लागतो. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटातही असाच सज्जा आहे, आणि तिथल्या कुजबुजीचं कोडं लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने सोडवलं. गोलघुमट बांधणाऱ्यांनी हे ठरवून केलं का? मला तसं वाटत नाही. त्यांना घुमट पेलायचा होता. कुजबुज फुकटात मिळाली.

जगातला दुसरा मोठा घुमट ना?

शाळेत आपण हेच लिहून मार्क मिळवले. मोजपट्टी वेगळं सांगते. रोमच्या पँथिऑनचा घुमट ४३ मीटर, तिथल्याच सेंट पीटरचा जवळपास ४२. आपला ३८. आज तर लोखंड-काँक्रीटचे याहून मोठे घुमट जागोजागी आहेत. क्रमांक सोडून द्या. घुमटाने झाकलेल्या एका दालनाची जमीन मोजली तर आपण पँथिऑनच्या पुढे आहोत, कारण पँथिऑन खालीही गोल आहे. त्यांना गोल चौकोनावर बसवायचाच नव्हता. अवघड गणित आपण सोडवलं.

जामा मशीद: सरावाची वही

एवढी मोठी उडी एकदम कुणी मारत नाही. गोलघुमट पुरा होण्याच्या सुमारे ऐंशी वर्षं आधी पहिल्या अली आदिलशाहाने जामा मशीद सुरू केली. १५६५ ची राक्षसतागडीची लढाई जिंकल्यावर विजयनगरचा पैसा आला होता. मशिदीच्या मधल्या घुमटाखाली उभं राहून वर बघा. तेच, एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, लहान मापात. युक्ती इथे पक्की झाली, पुढच्या पिढ्यांनी तिचा गुणाकार केला. जमिनीवर नमाजासाठी २,२५० चौकटी आखल्या आहेत. त्या औरंगजेबाच्या काळातल्या. चपला बाहेर काढा, नमाजाच्या वेळी आत गर्दी करू नका. सोन्याच्या कामाचा मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, १६३६ मध्ये सजवला. बघा आणि पुढे चला.

बारा कमान: पेपरातलं रफ काम

मला सगळ्यात आवडते ती ही जागा, आणि सहली इथे पाचच मिनिटं थांबतात. दुसरा अली आदिलशाह १६५६ मध्ये गादीवर आला. वडिलांपेक्षा मोठी कबर बांधायला काढली. १६७२ मध्ये तो गेला आणि काम थांबलं ते थांबलंच. उंच चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या टोकदार कमानी नुसत्या उभ्या आहेत, वर आकाश.

गोलघुमटात गिलाव्याखाली झाकलेलं सगळं इथे उघडं आहे. गणिताच्या पेपरात उत्तराशेजारी रफ काम असतं, तसं. कमानीचे दगड कसे पाचरीसारखे तासलेत ते बघा. प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबतो आणि त्या दाबानेच दोघं जागेवर राहतात. कमान बांधताना खाली आधार लागतो, आपल्याकडे कुठलाही गवंडी त्याला सेंट्रिंग म्हणतो. शेवटचा दगड बसेपर्यंत कमान म्हणजे दगडांचा ढीग. तो बसला की सेंट्रिंग काढून घ्या, ती आपली आपण उभी राहते. साडेतीनशे वर्षं ऊन-पाऊस खात, डोक्यावर काही नसताना, कितीतरी कमानी अजून उभ्या आहेत. याहून चांगला लोड टेस्ट मला ठाऊक नाही.

शत्रूच्या इमारतींचं कौतुक कशाला?

प्रत्येक फेरीत कुणीतरी हे विचारतं, कधी चिडून, कधी दबकत. अफझलखान इथूनच निघाला होता. तो १६५९ मध्ये प्रतापगडाखाली संपला, त्याने स्वतःसाठी बांधलेली कबर विजापूरजवळ आहे आणि रिकामी आहे. हे मी सांगतो. किल्ल्यातल्या करीमुद्दीन मशिदीत मंदिराचे खांब स्पष्ट दिसतात, तेही दाखवतो. आवडतं तेवढंच दाखवायचं असेल तर पायी फिरायला कशाला न्यायचं?

पण इतिहास एकाच खुंटीला बांधता येत नाही. शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने वसुलीचे हिशोब फारसीतून काढून इथल्या भाषेत आणले, आणि दफ्तरावर मराठी कारकून बसले. जागतिक वारशात गेलेल्या पन्हाळ्यावर सगळे ज्याच्यासमोर फोटो काढतात, तो तीन दरवाजा याच इब्राहिमाच्या काळातला. आणि आपला भुईकोट? बहमनी काळातला किल्ला, पुढे आदिलशाही आणि निजामशाहीत त्यावरून भांडणं. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाने मुलगी चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अलीला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला. हुंड्यात गेलेल्या गावच्या लोकांनी सासर बघायला काय हरकत आहे?

आणि दुसरं, हे बांधलं कुणी? सुलतानाने हुकूम केला. दगड इथला, चुना इथला, तासणारे हात इथले. कमान-घुमटाचं तंत्र इराण-तुर्कस्तानाकडून आलं, कमळाच्या पाकळ्या आणि छज्जाखालचे कोरीव दगडी हात इथल्या देवळांतून. म्हणून याला नुसतं इस्लामी न म्हणता दख्खनी म्हणतात.

तटावरून बाहेर पडताना

पश्चिम तटाच्या शेरजा बुरुजावर मुलूखमैदान तोफ आहे. भाषण ठोकणाऱ्याला आपण मुलूखमैदान म्हणतो ती हीच. १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली, वजन सुमारे ५५ टन. मधली बरीच वर्षं ती आपल्या बार्शीपलीकडच्या परंड्यात होती, १६३२ च्या सुमारास विजापूरला आली. ५५ टन, भीमा ओलांडून! उन्हात तिला हात लावू नका.

पुढे ताजबावडी लागते. पाणीटंचाई काय असते हे सोलापूरकराला शिकवायला नको. पठारावरच्या या कोरड्या गावाने विहिरी, तलाव, तोरव्याकडून आणलेले जमिनीखालचे पाट आणि दाब मोडणारे पाण्याचे मनोरे यांच्यावर राजधानी जगवली. त्यावर वेगळा लेख होईल.

इब्राहिम रोजा: इथे शिकलेलं विसरा

दुसरा इब्राहिम आदिलशाह, कारकीर्द १५८० ते १६२७. गाण्याचा वेडा. त्याच्या पदांच्या ग्रंथात सरस्वतीचं आणि गणपतीचं स्तवन आहे, लोक त्याला जगद्गुरू म्हणत. राणी ताजसुलतानासाठी त्याने हा रोजा बांधवला, पुढे तोही तिथेच विसावला. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, कारागीर मलिक संदल. दगडी जाळ्यांना नक्षीऐवजी अक्षरं आहेत, त्या अक्षरांमधून आत उजेड येतो. बाहेरून तासभर बघण्यासारखं आहे, पण मी लोकांना आधी आत नेतो.

दिवसभर आपण काय शिकलो? दगडाने मोठी जागा झाकायची तर वळण पाहिजे, कमान पाहिजे. आतली खोली सुमारे चाळीस फूट चौरस आहे. वर बघा. छत सपाट. चारी भिंतींकडून दहा-दहा फूट गोलाई आत येते आणि मधला वीस फुटांचा चौकोन दगडी फरशा जोडून केलाय, पाटासारखा सरळ. खाली खांब नाही, तुळई नाही, लोखंडी सळई दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या ब्रिटिश अभ्यासकाने लिहिलं, की हे कोडं फक्त भारतीयांची चुन्याच्या काँक्रीटवरची हुकमत ठाऊक असलेल्यालाच उलगडेल. म्हणजे वरच्या जाड चुन्याच्या थराने फरशा धरून ठेवल्या आहेत. दगड लटकलेत, चुना पकडून आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्याबरोबर जुळे सोलापुरातला एक स्लॅबचा ठेकेदार होता. सकाळपासून गोलघुमटात, बारा कमानीत तो फक्त मान डोलवत होता. इथे त्याने मोबाइलची बॅटरी लावली, सांधे शोधत एक कोपरा, दुसरा कोपरा, पूर्ण छत फिरला. मग म्हणाला, "सर, असल्या छताचं सेंट्रिंग काढायला लावलं तर मी खाली उभा राहणार नाय."

बाकीचे चहाला बाहेर पडले. तो छताच्या बरोबर मधोमध, वर बघत उभा होता. हाक मारली तरी लवकर बाहेर आला नाही.